वयात येणाऱ्या पोरांच्या कथा वाचायच्या कशा? शेवटी तर काहीच घडत नाही!

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए.ला 'ॲरबी' ही कथा लागलीय. गोष्ट समजते. पोरगा बाजारात जातो, काही न घेता उभा राहतो, कथा संपते. सर म्हणतात ही मोठं होण्याची कथा. मग तो मोठा झाला कधी, आणि अशा कथेत बघायचं काय?

मी परभणीकडे कनिष्ठ महाविद्यालयात भाषा शिकवते. हा प्रश्न आमच्या वर्गातही दरसाल निघतो. माझं सांगणं असतं, पोराकडे जरा नंतर बघा. आधी पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो ते बघा, आणि त्या वेळी घरातली मोठी माणसं काय करताहेत ते बघा.

'ॲरबी' आयरिश लेखक जेम्स जॉयसची, 1914 च्या 'डब्लिनर्स' संग्रहातली. या नावाचा बाजार डब्लिनमध्ये 1894 च्या मे महिन्यात खरंच भरला होता. कथेतला मुलगा काका-काकूंकडे राहतो. गल्लीतल्या मँगन या मित्राची बहीण त्याच्या मनात भरलीय. तिला बाजाराला जायची हौस आहे, पण कॉन्व्हेंटमधल्या धार्मिक कार्यक्रमामुळे जाता येत नाही. हा म्हणतो, मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. शनिवारी संध्याकाळपासून तो काकाची वाट बघत बसतो, कारण पैसे काकाकडून मिळायचेत. काका येतो रात्री नऊला. स्वतःशीच बोलतोय, कोट अडकवताना स्टँड डगमगल्याचा आवाज येतोय. या खुणा मला ओळखू येत होत्या, एवढंच मुलगा सांगतो. काका पिऊन आलाय असं काही तो म्हणत नाही.

इथे थांबा. तुम्ही ज्याला शेवटी शोधताय ते इथे, कथेच्या मधेच, सुरू झालेलं आहे. ज्या लेकराला घरच्या माणसाची अवस्था कळते आणि न बोलणंही कळतं, ते लेकरू राहिलेलं नाही. आपल्याकडे अशी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा भाग डब्लिनचा असूनही आमच्या वर्गाला सगळ्यात लवकर कळतो.

आता हिशोब. काका त्याला एक फ्लोरिन देतो, म्हणजे दोन शिलिंग. त्या काळी शिलिंगाच्या बारा पेनी, तेव्हा एकूण चोवीस. सहा पेनीत आत जायचं दार त्याला सापडत नाही, बाजार बंद होईल या धास्तीनं तो दारावरच्या माणसाला अख्खा शिलिंग देऊन आत शिरतो. बारा गेल्या. शेवटी त्याच्या खिशात सहा पेनीचं एक नाणं आणि सुट्या दोन पेनी उरतात. मधल्या चार गाडीभाड्यात गेल्या असं आपण धरायचं. दहाला दहा मिनिटं कमी असताना तो पोचलाय, बरीचशी दुकानं बंद, हॉलमध्ये अंधार. एका दुकानातली पोरगी दोन तरुणांशी हसत बोलतेय आणि याला 'काय हवंय' असं विचारायचं म्हणून विचारते. समोर फुलदाण्या, नक्षीचे चहाचे सेट. आठ पेनीत त्यातलं काय येणार, हे कथा बोलत नाही. ते आपण मांडून बघायचं असतं.

गाइडमध्ये याला 'प्रेमभंग' लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मुलाचं आणि मित्राच्या बहिणीचं बोलणं झालंय किती? आपण फार मोठ्या कामगिरीवर निघालोय असं त्याला आठवडाभर वाटत होतं. प्रत्यक्षात तो काकाच्या पैशावर रात्री उशिरा बाहेर पडलेला, दुकानदारणीला नको असलेला एक पोरगा आहे. हे त्याला दिसतं, आणि दिसल्याचा राग येतो.

शेवटचं वाक्य नीट वाचा. पोकळ अभिमानानं पळवलेला आणि हसण्यावारी नेलेला एक जीव म्हणून मी स्वतःला पाहिलं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ही भाषा शाळकरी पोराची आहे का? त्या हॉलमध्ये उभा असलेला मुलगा आणि ही हकीकत नंतर कधीतरी सांगणारा माणूस, दोघेही 'मी' म्हणतात, पण त्यांच्यात वर्षांचं अंतर आहे. प्रथमपुरुषी कथेत हे अंतर शोधायचं. पेन्सिल घ्या आणि जिथे वाक्य पोराच्या तोंडी शोभत नाही तिथे खूण करा. बहुतेक महत्त्वाच्या जागा त्या खुणांपाशी निघतील.

याच्या शेजारी प्रेमचंदांची 'ईदगाह' ठेवून वाचा, तिथेही बाजारच आहे. चार-पाच वर्षांचा हामिद, आई-बाप वारलेले, पण त्याला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत. मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा, याच्याकडे तीन. सगळे खेळणी आणि मिठाई घेतात. हा भाकरी भाजताना आजीचे हात पोळतात म्हणून चिमटा घेतो. दुकानदार शेवटी पाच पैसे म्हणतो, हा तीन पैशांत देणार का विचारून पुढे चालू लागतो, आणि दुकानदार त्याला बोलावून चिमटा देतो. इथे मात्र मुलगा 'मी' म्हणून बोलत नाही. लेखक वरून सांगतो, म्हणून आपल्याला जे माहीत आहे ते हामिदला माहीत नसतं, आणि तो शहाणा ठरतो तरी आपण त्याच्यासाठी चुकचुकतो. घरी आल्यावर आजी लहान मुलीसारखी रडायला लागते. नात्यात कोण मोठं हेच उलटतं. मोठं होण्याच्या कथेत मोठ्यांचं लहान होणंही असतं, आणि पुष्कळदा तेच जास्त बोलतं.

आपल्या मराठवाड्यातली म्हणाल तर भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल'. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो आणि बाप स्वतःच्याच मालावर नाचून चिखल करतो. मुलगा बघत असतो. करतो तो बाप. मुलाच्या वाट्याला फक्त बघणं. वर्गात ही कथा झाली तेव्हा मी प्रतीक वगैरे बोलत होते, तर घरचं माळवं बाजारात नेणारा एक मुलगा मागून म्हणाला, "मॅडम, पुढच्या बाजारी त्यांनी काय इकलं?" सगळे हसले. मला प्रश्न चोख वाटला. बाजारातून परत जाताना बाप-लेक काय बोलले, दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला का, हे कथा लिहीत नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसं 'शेवटी काही घडत नाही' हे खरंच आहे. जे घडायचं ते कथा संपल्यानंतरच्या रस्त्यावर घडतं, आणि तिथवर नेऊन सोडणं हे लेखकाचं काम.

एक गोष्ट मात्र तिन्ही कथांत खटकायला हवी: बाजाराला जातात ते मुलगेच. 'ॲरबी'तल्या त्या मुलीला जायचं होतं, तिला जाता आलं नाही, आणि कथेत तिला नावसुद्धा दिलेलं नाही. ती फक्त मँगनची बहीण. तिच्या बाजूनं ही कथा लिहिली तर ती कुठे घडेल? आमच्या वर्गातल्या मुली लिहितात तेव्हा त्यांच्या कथा हापशावर, मामाच्या घरी, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मागे धाकट्यांना सांभाळताना घडतात. पैसा तिथेही असतो, पण तो त्यांच्या हाती येत नाही. त्यांच्या लग्नाच्या बैठकीत त्या पैशाची बोलणी होतात आणि त्या चहा घेऊन आत येतात.

परीक्षेत 'पात्राचा विकास' विचारला तर 'तो निरागस होता, मग समजूतदार झाला' एवढ्यावर थांबू नका, तेवढं सगळेच लिहितात. काकाचं येणं, चोवीस पेनींचा हिशोब आणि शेवटच्या वाक्याची भाषा, या तीन जागा घ्या आणि प्रत्येक ठिकाणी मुलाला काय कळतं आणि तो काय बोलत नाही ते लिहा. पहिल्या वाचनात हे सापडणार नाही. दुसरं वाचन शेवट माहीत असताना करा, आणि शक्यतो मूळ इंग्रजीतूनच करा. कथा फार मोठी नाही, एका बैठकीत होते.