अलास्का क्रूझसाठी मे बरा की सप्टेंबर, आणि जहाज सिअ‍ॅटलहून धरावं की व्हँकुव्हरहून?

तुम्ही इंदूरहून सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन निघणार आहात. मीही इंदूरचाच. आईला (तेव्हा वय 71) आणि बायकोला घेऊन हीच सहल केली आहे, म्हणून लिहितो. आधी बंदर ठरवा, महिना मागाहून बघू.

सिअ‍ॅटल निवडलं की एका अमेरिकन व्हिसात काम भागेल, असं आम्हालाही वाटलं होतं. तसं नाही. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला तिथल्या बंदरातून प्रवासी घेऊन निघून त्याच बंदरात परतायचं असेल, तर मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बहुधा शेवटच्या संध्याकाळी, काही तासांपुरती. तेवढ्यासाठी आपल्याला कॅनडाचा व्हिसा! आणि व्हँकुव्हरहून निघालात तर कॅनडा आलाच, वर अलास्कासाठी अमेरिकाही. थोडक्यात, दोन्ही व्हिसे काढायचेच आहेत, आणि ते काढण्यातच महिनोन्‌महिने जातात. मग बंदर समुद्र बघून निवडा.

व्हँकुव्हरची जहाजं व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या पाण्यातून वर जातात. दोन्हीकडे डोंगर, पाणी बरंचसं शांत. सिअ‍ॅटलची जहाजं सहसा बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तिथे जहाज हलतं. माझ्या आईला ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या घाटातसुद्धा मळमळतं, त्यामुळे आमचा निर्णय तिथेच झाला. व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंतची एकतर्फी सफरही असते, पण त्यात अलास्काच्या आखातातला उघडा समुद्र लागतो आणि परतीचं विमान अँकरेजहून शोधावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही.

आता महिना. हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. जुलैत ऊब जास्त, सामन मासे नद्यांत चढतात आणि त्यांच्या मागे अस्वलं येतात, पण गर्दी आणि भाडं दोन्ही चढलेलं. सप्टेंबरमध्ये भाडं उतरतं, नशीब असेल तर उत्तरप्रकाशही दिसतो, पण पाऊस मात्र जोरात. मे त्यामानाने कोरडा, डोंगरांवर बर्फ अजून शाबूत. आम्ही मे-अखेर गेलो, तुम्हालाही तेच सांगेन. फक्त तारीख पक्की करण्याआधी त्या सफरीत ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातली हिमनद्यांची खाडी, आहे का ते बघा. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. तिथल्या मार्जरी हिमनदीसमोर आमचं जहाज तासभर जवळजवळ उभंच होतं. बर्फाचा कडा तुटताना आधी दिसतो, आवाज मागाहून येतो, लांबच्या ढगासारखा. आई हातातली शेवेची पुडी तशीच धरून बसली होती.

लोकरीचे कपडे जानेवारीतच घेऊन ठेवा. आम्ही मेमध्ये राजवाड्याजवळ लोकरी मोजे मागितले, तर दुकानदाराने आधी आमच्याकडे पाहिलं आणि मग पंखा वाढवला. जाड कोटापेक्षा थरावर थर आणि वर पाणी अडवणारं जॅकेट, हे पुरतं.

आणि जहाज सुटण्याच्या निदान दोन दिवस आधी व्हँकुव्हरला पोचा. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढे जायचं, एक विमान चुकलं तरी सगळं कोलमडतं आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आमची एक बॅग मधेच कुठेतरी राहिली, ती निघायच्या आदल्या रात्री हॉटेलवर आली. आईच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या, म्हणून निभावलं.