टाकाऊ वस्तूंचं मोठं शिल्प करण्याआधी मुलांकडून छोटा नमुना करून घ्यावा का? कसा?

हो, जरूर करून घ्या, आणि शक्यतो १:१० मापात, म्हणजे नमुन्यातला १ सेंटिमीटर शिल्पात १० सेंटिमीटर होतो आणि हिशेब मुलांना स्वतःच जमतो. मुलांचे कलावर्ग घेत असल्याने सांगते, कागदावरच्या चित्राला मागची बाजू नसते. चित्रातला हत्ती झकास उभा असतो, नमुन्यात मात्र सोंड लावली की तोंडावर आपटतो, आणि मग मागच्या पायात दगड भरायची कल्पना मुलंच काढतात.

सामान साधंच: औषधांची खोकी, बाटल्यांची झाकणं, वर्तमानपत्राच्या सुरळ्या, मऊ तार. जोडायला गोंद नको, कागदी चिकटपट्टी घ्या. ती सोलून काढता येते, त्यामुळे मुलं बदल करायला कचरत नाहीत. शेजारी पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटरचा माणूस उभा करा. तो १२० सेंटिमीटरच्या मुलाच्या जागी, त्यामुळे शिल्प केवढं होणार ते लगेच कळतं. (मोजपट्टीचा कंटाळा करणारी मुलंही या माणसाशी मात्र खेळत बसतात.)

फक्त मजबुतीचा अंदाज नमुन्यावरून बांधू नका. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण ते वजन पेलणाऱ्या पायाच्या आडव्या छेदाचं (पाय आडवा कापला तर दिसेल त्या भागाचं) क्षेत्रफळ चौपटच वाढतं. नमुन्यात ताठ उभा राहिलेला पुठ्ठ्याचा पाय मोठ्या शिल्पात दुमडू शकतो, तिथे आतून काठी किंवा पाइप घालावा लागेल.