चिंच आपली की आफ्रिकेची?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सोलापूरला पूर्व भागात राहते. नात सांगते की चिंच मूळची आफ्रिकेतली, पण शास्त्रीय नावात तर 'इंडिका' आहे म्हणे, मग खरं काय? आणि दुसरं, ह्यांचं पोट साफ होत नाही म्हणून रोज सकाळी ग्लासभर चिंचेचं पाणी सुरू केलंय. हार्टसाठी अ‍ॅस्पिरिनची गोळी पण चालू आहे, चालेल ना?

उत्तर: आधी दुसऱ्याचं सांगते, कारण मला तुमच्या ह्यांची काळजी वाटली. ते ग्लासभर पाणी उद्यापासून थांबवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत सुरू करू नका. चिंचेबरोबर अ‍ॅस्पिरिन घेतली तर ती रक्तात जास्त प्रमाणात उतरते असं अभ्यासात दिसलंय, आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीचंही तसंच. आमटीतली चिंच वेगळी आणि रोजचा ग्लास वेगळा. चिंचेनं पोट साफ होतं हे मात्र खरंय, तिच्यातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियमचे क्षार सौम्य रेचकाचं काम करतात, आपल्या आज्या उगाच देत नव्हत्या.

आता नातीचं. तिचं बरोबर आहे, शाबासकी द्या तिला! झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे इतक्या जुन्या काळी येऊन रुजलं की अरबांना ते भारताचंच वाटलं, ते त्याला 'तमर हिंदी' म्हणजे भारतातला खजूर म्हणायला लागले, त्यावरून टॅमरिंड, आणि १७५३ मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 'इंडिका' जोडून टाकलं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तिकडचं जेवण. उत्तर नायजेरियातले हौसा लोक चिंचेला त्सामिया म्हणतात आणि बाजरीच्या पिठाची पातळ पेज करून त्यात चिंचेचं पाणी, आलं, लवंग घालून पितात, नाव कुनुन त्सामिया. आपली बाजरीची आंबीलच की ही, फक्त आंबटपणा ताकाऐवजी चिंचेचा! सुदानमध्ये चिंचेचं सरबत, त्याला अरदेब म्हणतात, आणि तापात, बद्धकोष्ठात तिकडेही चिंचेचं पाणीच देतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास छापला, रोज १० ग्रॅम चिंच खाल्ल्यावर मुलांच्या लघवीतून फ्लोराइड, म्हणजे जास्त झालं की दात-हाडं बिघडवणारा क्षार, जास्त बाहेर पडलं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असलेल्या गावांसाठी हे मोलाचं आहे, पण म्हणून पाणी तपासायचं सोडू नये.

आणि तुमच्या पूर्व भागात तर चिंचेचा कोवळा पाला तुरीच्या डाळीत घालतात, तेलुगूत त्याला चिंतचिगुरु पप्पु म्हणतात. मी तेलुगू विणकर समाजातल्या एका पद्मशाली मैत्रिणीकडे खाल्लं होतं, गरम भातावर, अजून चव आठवते. चिंचोके पण फेकायचे नसतात, घोंगडीला खळ चिंचोक्याचीच देतात आणि सुताला कांजी करायलाही चिंचोक्याचं पीठ वापरतात, सोलापूरकरांना हे मी काय सांगायचं.

एक मात्र बघा, कोळ किंवा आमटी कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवू नका, कळकते, मग उलट्या होतात. स्टील नाहीतर चिनीमातीची बरणी बरी. वर्षाची चिंच मीठ लावून गोळे करून ठेवता ना, ते पण त्यातच ठेवा.