मुंबईला येण्यापूर्वी मुलांशी बोलून ठेवावे असे काही

सुट्टीत परदेशातून मुलांना घेऊन मुंबईला यायचे ठरले की कपडे, औषधे, खाऊ आणि भेटवस्तू यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. परंतु तिथे एखाद्याचे वागणे खटकले किंवा भीती वाटली तर ते कोणाला आणि कसे सांगायचे, याविषयी बहुतेक घरांत एक शब्दही निघत नाही. परदेशातल्या शाळेत मुलांना आपली शिक्षिका किंवा समुपदेशक कुठे भेटेल हे ठाऊक असते. दादरच्या किंवा पार्ल्याच्या घरी मात्र ती पाहुणी असतात, त्यांचे मराठी तोडकेमोडके असते आणि भोवती सगळी घरचीच माणसे असतात. म्हणून हे बोलणे विमानात बसण्यापूर्वीच व्हावे, असा माझा आग्रह आहे.

अनोळखी माणसांपासून जपून राहा, एवढे सांगून भागत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण त्यांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले असल्याचे दिसून आले होते.

लग्नघरात आत्या आठ वर्षांच्या मुलीला पुढे ढकलत म्हणते, "अगं, काकांना पापा दे की, लाजतेस काय?" मुलगी आईच्या पदराआड लपते आणि चारचौघांत बरे दिसणार नाही म्हणून आईच तिला पुढे करते. काकांच्या मनात काही वावगे असेलच असे नाही. पण आपल्याला नको असले तरी मोठ्यांचे मन राखायचे असते, हे त्या मुलीच्या मनात पक्के बसते. तिथे आईने "ती नमस्कार करेल" एवढेच शांतपणे म्हटले तरी पुरे आहे. आजी-आजोबांनाही हे आधीच फोनवर समजावून सांगावे. कारण नीट कळले की ते बहुधा आपल्याच बाजूने उभे राहतात.

मुंबईत आई-बाबा जवळ नसतील तेव्हा कोणाकडे जायचे, ते मुलांनाच निवडू द्यावे. ती मावशी असेल, आजी असेल किंवा मोठी मामेबहीण असेल. त्या व्यक्तीला तसे सांगून ठेवावे. हॉलमध्ये सगळ्यांच्या गाद्या एका ओळीत पडतात त्या रात्री, "मला आईजवळच झोपायचंय" असे म्हणण्याची मुभा मुलग्यांनाही असावी, कारण मुलग्यांच्या बाबतीत आपण फारच निर्धास्त असतो.

मूल काही सांगू लागले की पहिले उत्तर जपून द्यावे. "तू तिकडे गेलासच कशाला?" किंवा "आधी का नाही बोललास?" असे विचारले की मूल तिथेच गप्प होते. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" असे म्हणून त्याला त्याच्या शब्दांत, त्याच्या गतीने आणि हवे तर इंग्रजीत बोलू द्यावे. ज्याच्याविषयी ते बोलत आहे त्याला समोर बोलावून शहानिशा करू नये.

भारतात १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. या सेवेची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे, पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर घेता येतो, जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत असे बंधन आहे आणि मुलाला भाषा कळत नसल्यास दुभाष्याची मदत घेता येते. असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधनही हा कायदा घालतो, त्यामुळे "घरातली गोष्ट घरातच राहू द्या" या सल्ल्याला कायद्यात जागा नाही.

पुष्कळदा मुले परत गेल्यावर, कित्येक महिन्यांनी बोलतात. ब्रिटनमध्ये ०८०० ११११ आणि ऑस्ट्रेलियात १८०० ५५ १८०० या क्रमांकांवर मुले स्वतः फोन करू शकतात. पण आता आपण इतके दूर आलो, विषय कशाला वाढवायचा, असा विचार करून पालकांनी मुंबईला कळवण्याचे टाळू नये, कारण त्या घरात आपल्या मुलाची चुलत भावंडे अजून त्याच माणसासोबत राहत असतात.