पाल पाळणाऱ्या मुलाला सॅलमँडरचे वेड

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा तीन वर्षांपासून लेपर्ड गेको जातीची पाल नीट सांभाळतो आहे. हल्ली डोंगरात गेलो की तो ओढ्याकाठचे दगड उलथून सॅलमँडर शोधत बसतो आणि एक तरी घरी नेऊ दे म्हणून हट्ट धरतो. त्याला नेऊ द्यावा का?

उत्तर : घरी आणू देऊ नये, ओढ्यावर मात्र जरूर जाऊ द्यावे. सॅलमँडर दिसतो पालीसारखा, पण तो बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर आहे; त्यामुळे पाल सांभाळताना मुलगा जे शिकला, त्यातले बरेचसे येथे उलटे पडते. गेकोला ऊब लागते, तर तुमच्याकडील बहुतेक सॅलमँडरना फुप्फुसेच नसतात, ते ओलसर त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतात व गार, दमट जागा सोडली की तगत नाहीत. हाताला चोळलेले डासांचे मलमही त्या त्वचेतून आत जाते. म्हणून शक्यतो हात लावूच नये, लावलाच तर ओढ्याच्या पाण्याने ओला करून.

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात सॅलमँडरच्या सुमारे ३० जाती आहेत आणि तेथे ओढ्यातले दगड हलवण्यास कायद्याने मनाई आहे. ती योग्यच आहे, कारण अनेकदा त्याच दगडाखाली मादी अंडी राखत बसलेली असते. उद्यानाबाहेरचे नियम राज्याच्या वन्यजीव खात्याकडे विचारावेत. खरे तर दगडाची गरजही नाही. पावसानंतरच्या रात्री विजेरी घेऊन पायवाटेने सावकाश चालावे, प्राणी आपणहून बाहेर आलेले दिसतात. लाल गालांचा सॅलमँडर भेटला, तर तो खरा की त्याची नक्कल करणारा दुसऱ्याच जातीचा, हे ओळखण्यात मुलाची वही भरून जाईल.

रोग पसरू नये म्हणून गेकोच्या पेटीतले पाणी ओढ्याकाठी ओतू नये आणि बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या ओढ्यावर जावे. २०१३ मध्ये वर्णन झालेल्या एका बुरशीने नेदरलँड्समधील सॅलमँडर जवळजवळ संपवले. त्याच धास्तीने अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली.

महाराष्ट्रात सॅलमँडर नाहीत. मात्र पावसाळ्यात इकडे आलात, तर आंबोलीच्या बाजूस त्यांचे दूरचे, बिनपायांचे नातलग, म्हणजे देवगांडूळ, जाणकारासोबत जाऊन पाहता येतील. कोकणात दगडाखाली फुरसेही असते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.