प्रबंधातून पहिला शोधनिबंध काढताना

वडोदऱ्यातील मराठी रंगभूमीवरच्या आपल्या प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे नियतकालिकाकडे धाडू नका. प्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावाच वीस पाने खातो, तर लेखाला एकच मुद्दा पुरतो आणि तो पहिल्या दोन पानांत दिसावा लागतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, त्या काचेच्या फरशीच्या मजल्यांवर, एखाद्या जुन्या अंकात नाटकाची जाहिरात सापडली असेल, तर लेख तिथूनच सुरू करावा आणि अंकाची तारीख व पृष्ठक्रमांक त्याच दिवशी टिपून ठेवावा. (माझी एक तळटीप या आळसापायी आजही अपुरी आहे.)

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी बरीचशी आपल्यावरच आली आहे. संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, मागील अंक वाचायला मिळतात का, हे पाहावे. चार दिवसांत स्वीकृती कळवून लगेच शुल्क मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

एकच लेख एकाच वेळी दोघांकडे पाठवू नये. मी पाठवला होता. दोन्हीकडून होकार आला, आणि एका संपादकांना माफीचे पत्र लिहिताना तीन कागद फाडावे लागले.