माझ्या डोकेदुखीमुळे मुलांचं नुकसान होतंय का?

"मॅडम, माझं डोकं धरलं की सगळं घर ठप्प होतं, मुलांचा अभ्यास बुडतो, माझ्यामुळेच ती मागे पडणार." कुटुंबांचं समुपदेशन करताना हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा येतं की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. बहुतेक वेळा आई बोलत असते, कधीकधी बाबाही. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो आणि घरातलं अभ्यासाचं, खर्चाचं, डब्याचं ओझंही बहुतेक घरांत त्यांच्याच डोक्यावर असतं, त्यामुळे हा प्रश्न आयांकडून जास्त येतो यात नवल नाही.

एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन घरांमधलं एकत्र केलंय आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात देतेय.

ताईंना तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. घरातली मिळकत मधल्या काळात कमी झाली होती त्यामुळे खर्चाला कात्री लावायचं काम ताईंनी स्वतःहून अंगावर घेतलं. पहिली कात्री मुलीच्या क्लासवर लागली, म्हणजे क्लास बंद आणि संध्याकाळी ताईच शिकवणार. दर आठवड्याला टेस्ट, वर प्रोजेक्ट, शाळेचे मोबाईलवर येणारे मेसेज, हे सगळं उरकून झोपायला बारा-एक वाजायचे आणि सकाळी पुन्हा सगळ्यांच्या आधी उठायचं. दुपारचं जेवण कामाच्या गडबडीत राहूनच जायचं. महिन्यातून सात-आठ दिवस डोकं ठणकायचं, एका बाजूने, उजेड नको, आवाज नको, उलटीची भावना, आणि कधी एकदा सुरू झालं की दोन दोन दिवस सुटका नाही. मायग्रेनचा अटॅक मोठ्या माणसात ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो, त्यामुळे "बाई जरा जास्तच करते" असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "गोळी कधी घेता?"

"अगदीच सहन होईना झालं की. आणि अर्धीच घेते."

"अर्धी का?"

"एक पाकीट महिनाभर पुरवायचं असं ठरवलंय."

"आणि मुलाला ताप आला तर त्याचं औषध किती दिवस पुरवता?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचं कसं पुरवणार मॅडम, त्याला डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, त्या वेळेला."

मी त्या दिवशी यावर काहीच बोलले नाही, त्यांनाच त्या विचारासोबत राहू दिलं. पण इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय. कुठल्याही घरात काटकसर सुरू झाली की ती आधी तिथे होते जिथून तक्रार येत नाही. मुलांचे बूट फाटले तर मुलं बोलतात, घरातल्या मोठ्यांचं औषध संपलं तर ते आठवण करतात, पण आईची झोप, आईचं दुपारचं जेवण, आईची गोळी यांच्या बाजूने भांडायला कोणी नसतं, स्वतः आईसुद्धा नसते. मग एक दिवस डोकंच भांडायला उठतं. ताईंच्या घरात त्यांना 'आज मला जमणार नाही' असं म्हणायची एकच सोय होती, ती म्हणजे मायग्रेन. याचा अर्थ मायग्रेन मनाचा खेळ आहे असा अजिबात नाही. तो मेंदूचा आजार आहे, अनेकदा रक्तातून आलेला असतो, ताईंच्या आईलाही होता. पण अटॅक कधी येतात, किती येतात आणि आल्यावर घर कसं वागतं यात त्या घराच्या सवयींचा मोठा वाटा असतो असं मी मानते. कुटुंबोपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी १९७० च्या दशकात आजारी मुलाकडे त्याच्या पूर्ण कुटुंबासकट बघायला शिकवलं, माझं कामही त्याच वळणाचं आहे, म्हणून एकट्या माणसाशी बोलून मी सहसा थांबत नाही.

ताई घरखर्चाची वही लिहायच्या. पुढच्या भेटीला मी ती वही आणायला सांगितली. काय सुंदर वही! प्रत्येक खर्च, कोणासाठी, कशासाठी, टाळता आला असता का, सगळं. मी म्हटलं, याच वहीत मागच्या पानांवर अजून काही रकाने वाढवा. रात्री किती वाजता झोपलात, दुपारी जेवलात का, पाळीची तारीख, डोकं कधी सुरू झालं, गोळी कधी घेतली. त्यांनी आपणहून अजून एक रकाना घातला, मुलीच्या टेस्ट आणि मार्क. म्हणाल्या, "ते असायलाच पाहिजे, कारण माझं डोकं दुखतं ते तिच्या मार्कांनीच." मी म्हटलं, घाला. मला वाद घालायचा नव्हता, वही जे सांगेल ते सांगेल.

याच दरम्यान त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण समुपदेशन हे औषधाच्या जागी नसतं, औषधाच्या बरोबरीने असतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी ताईंना सगळ्यात जास्त लागल्या. एक, मायग्रेनची गोळी दुखणं कमी असताना, सुरुवातीलाच घेतली तर चांगली लागू पडते, अटॅक चढल्यावर घेतली की तिचा उपयोग कमी होतो. म्हणजे ताई ज्या अर्ध्या गोळ्या उशिरा घेत होत्या त्या बऱ्याचशा वायाच जात होत्या. आणि दोन, गोळ्यांचाही अतिरेक नको, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हे ऐकून त्या मला म्हणाल्या, "म्हणजे गोळीचंही बजेट आहे तर, पण दिवसांचं." मला हे फार आवडलं. ज्या बाईला हिशोब कळतो तिला हे शिकवावं लागत नाही, फक्त हिशोबात तिचं स्वतःचं नाव यावं लागतं.

पण खरी गाठ सुटली ती सगळे एकत्र बसलो तेव्हा. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर मी चौघांनाही बोलावलं. ताईंनी आल्या आल्या तक्रार केली की मुलगी टेस्टचे पेपर लपवते, दप्तराच्या तळाशी चार पेपर सापडले, सही न घेतलेले. मुलगी खाली मान घालून बसली. मी तिला विचारलं, "कोणापासून लपवत होतीस?"

"आईच्या डोक्यापासून."

कोणालाच कळेना. मग ती म्हणाली, "मार्क कमी आले की आईचं डोकं दुखतं. म्हणून दाखवतच नाही."

ताई घाईघाईने म्हणाल्या, "अगं पण मी तर तुम्हाला कळूही देत नाही दुखतंय ते!"

"कळतं. तू डोळे बारीक करतेस आणि अभ्यास घेताना एकच ओळ दोनदा वाचतेस."

नवरा म्हणाला, "मी येतो तेव्हा सगळे शांत बसलेले असतात, मला वाटायचं सगळं नीट चाललंय."

बघा, आई मुलीच्या अभ्यासासाठी डोकेदुखी लपवते, मुलगी आईच्या डोक्यासाठी मार्क लपवते, आणि बाबाला शांतता दिसते. सगळे एकमेकांवर मनापासून प्रेम करतायत आणि त्या प्रेमापोटीच कोणी कोणाला खरं सांगत नाहीये. अशी घरं मी खूप बघितलीत आणि अशा वेळी "बाळा, तुझ्यामुळे नाही होत" असं मोठ्यांनी म्हणून काही उपयोग नसतो, मुलाला वाटतं हे मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. म्हणून मी ती वही मुलीच्या हातात दिली आणि पेन्सिल दिली. म्हटलं, ज्या दिवशी तुझे मार्क कमी आले त्याला गोल कर आणि ज्या दिवशी आईचं डोकं दुखलं त्याला फुली मार. लपवलेले चार पेपरही तिने आठवून तारखांसकट त्यात घातले.

सहा-सात मिनिटं कोणी बोललं नाही, धाकटा खुर्चीवर पाय हलवत होता तेवढाच आवाज. ती मन लावून करत होती. मग थांबली, पान मागे उलटलं, पुढे उलटलं, परत मोजलं. म्हणाली, "जुळत नाहीये."

"काय जुळत नाहीये?"

"बहुतेक गोल एकीकडे आहेत आणि फुल्या दुसरीकडेच आहेत. जिथे दोन्ही आहेत ते लपवलेल्या पेपरांचे दिवस आहेत, तेव्हा तर आईला मार्क माहीतच नव्हते." मग तिने स्वतःच शेजारचे रकाने वाचायला घेतले. "आई, तू इथे जेवलीच नाहीयेस. इथेही नाही. आणि ही फुली परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे, तेव्हा तर टेन्शन संपलं होतं." आणि मग अगदी हळू, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

ताईंना रडू आवरेना. मीही काही क्षण बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलीने कितीतरी दिवस स्वतःला गुन्हेगार धरलं होतं आणि तिची सुटका तिने स्वतः पुरावा तपासून केली, कोणी समजूत काढून नाही. त्या वहीवर माझा भरवसा होता तो याचसाठी, आणि तो खरा ठरल्याचं समाधान मला आजही आहे.

परीक्षा संपल्यावर डोकं का दुखावं हा प्रश्न मग नवऱ्याने विचारला. ताण वाढताना नाही तर ताण एकदम उतरल्यावर अटॅक येणं हे मायग्रेनमध्ये नवीन नाही, सुट्टीच्या दिवशी डोकं धरणारे कितीतरी लोक आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या रोजच्या डायऱ्या तपासल्या, अभ्यास लहान होता, पण ताण कमी झाल्यानंतरच्या ६ ते २४ तासांत अटॅकची शक्यता वाढलेली त्यात दिसली. मायग्रेनवाल्या मेंदूला अचानक बदल सोसत नाही, मग तो झोपेचा असो, जेवणाचा असो की ताणाचा. म्हणून परीक्षा संपली म्हणून दुपारपर्यंत लोळणं आणि परीक्षेच्या आधी रात्रभर जागणं, दोन्ही नको.

त्यानंतर त्या घरात जे बदललं त्याला पैसा लागला नाही. ताईंचं दुपारचं जेवण ही घरातली पहिली न कापता येणारी बाब ठरली, वहीत तशी नोंदच केली. अभ्यास घेणं रात्री साडेनऊला बंद, राहिलं तर राहिलं. आठवड्यातले दोन दिवस बाबा अभ्यास घेणार, त्याला गणित जमत नाही तर नुसता शेजारी बसणार, मुलीला तेवढंही पुरतं असं तीच म्हणाली. आणि अटॅकच्या दिवसासाठी एक साधी योजना, जी मी सगळ्यांनाच करायला सांगते: आईने "सुरू झालंय" एवढंच म्हणायचं, गोळी घ्यायची, अंधाऱ्या खोलीत जायचं, आणि त्या संध्याकाळी कोण काय करणार हे आधीच ठरलेलं असेल. मुलांना यात छोटं काम द्या, पण त्यांना नर्स बनवू नका. सारखं येऊन "आता कसं वाटतंय" विचारणाऱ्या मुलाचा अभ्यास डोकेदुखीने नाही तर काळजीने बुडतो.

अटॅक यायच्या आधी बऱ्याच जणांना खुणा मिळतात, जांभया, मान आखडणं, चिडचिड, काहीतरी खावंसं वाटणं, कधी कधी एक-दोन दिवस आधीपासून. ताईंची खूण जांभया ही होती आणि ती धाकट्याने ओळखली. आता त्यांचे सात-आठ दिवसांचे तीन-चार झालेत, गेले नाहीत, आणि जातील असं आश्वासन मी कोणालाच देत नाही.

खर्चाबद्दल एक सांगते कारण त्याची लाज वाटून लोक बोलत नाहीत. डॉक्टरांना सरळ सांगा की महिन्याला एवढंच परवडतं. अटॅक कमी करण्यासाठी रोज घ्यायची काही औषधं फार जुनी आहेत आणि त्यातली बरीच स्वस्त मिळतात, पण डॉक्टरांना तुमची अडचण कळली तर ते तसा विचार करतील. चोरून अर्धी गोळी घेणं आणि तपासणी पुढे ढकलणं यात बचत होत नाही, अंथरुणात गेलेले दिवस कुठल्या वहीत लिहिणार?

आणि डोकेदुखी एकदम काही सेकंदांत जीवघेणी सुरू झाली, ताप आणि मान ताठ झाली, हातापायात कमजोरी आली, बोलताना अडखळायला झालं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवीन प्रकारची डोकेदुखी सुरू झाली तर माझ्यासारखीकडे नाही, आधी डॉक्टरकडे, पहिल्या चार गोष्टींत तर ताबडतोब.

ताईंच्या मुलीचंही परीक्षेच्या सकाळी डोकं दुखायचं. ते नाटक आहे की आईचं बघून आहे असं मला विचारलं गेलं. मी दोन्ही नाकारलं आणि तिलाही डॉक्टरांकडे पाठवलं, कारण आई-वडिलांपैकी एकाला मायग्रेन असेल तर मुलांत यायची शक्यता बरीच असते आणि मुलांमध्ये तो मोठ्यांसारखा दिसतोच असं नाही, अटॅक कमी वेळ टिकतो, दुखणं पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असतं, त्यामुळे 'अभ्यास टाळतेय' असा शिक्का पटकन बसतो. तिला मायग्रेनच निघाला. २०१३ मध्ये १० ते १७ वयाच्या, जुनाट मायग्रेन असलेल्या मुलांवर एक चांगला अभ्यास झाला होता, त्यात औषधासोबत विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी मिळालेल्या मुलांची डोकेदुखी औषधासोबत फक्त माहिती मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाली. ताईंच्या मुलीला इतका तीव्र त्रास नव्हता, पण श्वासाचे आणि अंग सैल सोडायचे व्यायाम तिला सोपे वाटले. शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलं, पाण्याची बाटली बाकावर ठेवायची आणि गरज पडली तर थोडा वेळ शांत खोलीत बसायची परवानगी मागितली, वर्गशिक्षिकेने ती लगेच दिली. आता मुलगी तिची स्वतःची वही लिहिते आणि त्यात मार्कांचा रकाना नाहीये.